स्नायुपेशी: भाग, त्यांच्या जागा, मापं आणि नेमकी कामं

तंतुवेध
स्नायुपेशीवर मराठीत शोधलं की बहुतेक ठिकाणी यादी मिळते. सार्कोलेमा म्हणजे पेशीपटल, सार्कोप्लाझम म्हणजे पेशीद्रव्य, मग केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, झालं. यादी चुकीची नसते, पण ती वाचून पेशी आखडते कशी हे कळत नाही आणि सैल कशी पडते हे तर मुळीच नाही. या पेशीत कुठला भाग कुठे बसलाय आणि शेजारच्या भागापासून किती अंतरावर आहे, यावरच त्याचं काम ठरतं. म्हणून इथे जागा आणि मापं धरून लिहितो. भर घाला, चुका दाखवा.

सुरुवात कंकाल स्नायूपासून, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूपासून. याच्या पेशीला स्नायुतंतू म्हणतात. जाडी १० ते १०० मायक्रोमीटर, लांबी मात्र काही मिलिमीटरपासून कित्येक सेंटिमीटरपर्यंत. भ्रूणावस्थेत अनेक मायोब्लास्ट (अविकसित स्नायुपेशी) एकमेकांत विलीन होऊन ती तयार होते, त्यामुळे एक सेंटिमीटर लांबीत शेकडो केंद्रकं सापडतात. ती सगळी कडेला, पटलाला चिकटून असतात, कारण मधली जागा मायोफायब्रिलनी, म्हणजे आखडणाऱ्या उभ्या दोऱ्यांनी, गच्च भरलेली असते.

सार्कोलेमाच्या आत विश्रांतीच्या वेळी सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट विभव असतं. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हा रासायनिक संदेशक सुटला की पटलावर विद्युत लाट उठते आणि दोन्ही टोकांकडे धावते. पण लाट वरवरच राहिली तर ५० मायक्रोमीटर जाड पेशीच्या गाभ्याला खबर पोचणार कशी? आकुंचन सुरू करणारं कॅल्शियम पृष्ठभागापासून नुसतं पसरत आत जाईपर्यंत फार उशीर होईल. त्यासाठी सार्कोलेमाच ठरावीक अंतरावर आडवं आत वळतं. त्या टी-नलिका. त्यांच्या पोकळीत पेशीबाहेरचाच द्रव असतो.

प्रत्येक मायोफायब्रिलभोवती सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमची जाळी गुंडाळलेली असते. पुढे तिला एसआर म्हणतो. टी-नलिकेच्या दोन्ही बाजूंना एसआर फुगून कोठी बनते. मधली नलिका आणि दोन कोठ्या मिळून त्रयी होते. नलिका आणि कोठी यांच्यातली फट सुमारे १२ नॅनोमीटर. नलिकेच्या पटलात विभव ओळखणारं डीएचपी ग्राहक, समोर कोठीच्या पटलात रायनोडीन ग्राहक. पहिल्याचा आकार बदलला की तो दुसऱ्याला थेट ओढून उघडतो. कोठीतलं कॅल्शियम बाहेर पडतं आणि पेशीद्रव्यातलं प्रमाण ०.१ मायक्रोमोलरवरून १ ते १० मायक्रोमोलरच्या घरात जातं. पुढचं सगळं या उडीवर चालतं.

जीवशिक्षक
मांडणी आवडली. सारकोमिअरचं मी लिहितो, कारण उत्तरपत्रिकांत सर्वाधिक घोळ तिथेच असतो.

मायोफायब्रिल १ ते २ मायक्रोमीटर जाड. त्यावर दोन झेड-रेषांमधला भाग म्हणजे सारकोमिअर. झेड-रेषा म्हणजे बारीक तंतू जिथे बांधलेले असतात ती आडवी रेषा. मधला गडद ए-पट्टा जाड मायोसिन तंतूंचा, दोन्ही बाजूंचा फिकट आय-पट्टा फक्त बारीक ॲक्टिन तंतूंचा. ए-पट्ट्याच्या मध्ये जिथे ॲक्टिन पोचत नाही ते एच-क्षेत्र आणि त्याच्या मधोमध जाड तंतूंना जागेवर धरणारी एम-रेषा.

मुलं लिहितात की आकुंचनात सगळे पट्टे अरुंद होतात. नाही होत. बेडकाच्या स्नायूची मापं हिशेबाला सोपी आहेत. जाड तंतू १.६ मायक्रोमीटर, बारीक तंतू झेड-रेषेपासून एका बाजूला १.० मायक्रोमीटर. सारकोमिअर २.५ असताना आय-पट्टा २.५ वजा १.६, म्हणजे ०.९. एच-क्षेत्र २.५ वजा २.०, म्हणजे ०.५. आता सारकोमिअर २.० वर आणा. आय-पट्टा ०.४, एच-क्षेत्र शून्य, ए-पट्टा होता तेवढाच १.६. तंतूंची लांबी बदललेलीच नाही, ते एकमेकांवरून सरकले. १९५४ साली ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध एकाच अंकात आले, एक ए. एफ. हक्सली आणि निडरगर्के यांचा, दुसरा एच. ई. हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं. ए-पट्ट्याची रुंदी कायम राहते, हाच दोघांच्या मांडणीचा कणा होता.

याच हिशेबाने ताणाचंही उत्तर निघतं. सारकोमिअर ३.६ च्या पुढे ओढलं तर १.६ अधिक २.० संपतं, जाड आणि बारीक तंतू एकमेकांवर येतच नाहीत आणि बळ शून्यावर जातं. २.० ते २.२ च्या दरम्यान सर्वाधिक बळ मिळतं. त्याहून कमी झालं की समोरासमोरचे ॲक्टिन एकमेकांवर चढतात आणि बळ पुन्हा घटतं. माणसाचे बारीक तंतू जास्त लांब, सुमारे १.३ मायक्रोमीटर, म्हणून आपल्या स्नायूंचा सर्वोत्तम टप्पा २.६ ते २.८ च्या आसपास येतो.

चौकस_मैना
ॲक्टिन-मायोसिनच्या पकडीबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? ट्रोपोनिन आणि ट्रोपोमायोसिन यांची कामं पुस्तकांत एकाच वाक्यात उरकलेली असतात.

तंतुवेध
@चौकस_मैना, बारीक तंतूपासून सुरू करू. ॲक्टिनचे गोल रेणू एकापुढे एक जुळून दोन पेडांची वेणी होते. तिच्या खोबणीतून ट्रोपोमायोसिनचा लांब रेणू जातो. एक ट्रोपोमायोसिन सात ॲक्टिन झाकतो आणि प्रत्येकावर ट्रोपोनिनचा एक संच असतो. संचात तिघं: सी कॅल्शियम धरतो, आय मायोसिनला अडवून ठेवतो, टी या संचाला ट्रोपोमायोसिनशी बांधतो. सी वर कॅल्शियम बसलं की आय ची पकड सुटते, ट्रोपोमायोसिन खोबणीत आत सरकतो आणि ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात.

जाड तंतूत सुमारे ३०० मायोसिन रेणू असतात. प्रत्येकाला दोन डोकी. शेपट्या एम-रेषेकडे आणि डोकी झेड-रेषेच्या बाजूला, त्यामुळे अगदी मधल्या पट्टीत डोकी नसतात. दोन्ही अर्ध्या भागांतली डोकी विरुद्ध दिशांना तोंड करून असल्यामुळेच दोन्ही झेड-रेषा मध्याकडे ओढल्या जातात.

फेरा असा. डोक्यावर एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसतो, डोकं ॲक्टिनपासून सुटतं. एटीपीचं विघटन होतं, डोकं ताणून सज्ज होतं, पण एडीपी आणि फॉस्फेट हे एटीपीचे तुकडे अजून त्याच्यावरच असतात. ॲक्टिनची जागा मोकळी असेल तर ते हलकेच चिकटतं. फॉस्फेट निघून गेला की पकड घट्ट होते आणि डोकं वळतं. एका वळणात तंतू ५ ते १० नॅनोमीटर सरकतो. एडीपी गळून पडतो. नवा एटीपी येईपर्यंत डोकं तसंच अडकून राहतं.

शेवटचं वाक्य नीट वाचा. एटीपी आकुंचनाला लागतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण सुटायलाही तोच लागतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं ते यामुळेच. कॅल्शियम झिरपत राहतं, एटीपी संपतो, डोकी अडकतात. पुढे पेशीतली विकरं प्रथिनं तोडू लागली की ताठरपणा ओसरतो. त्या वेळी स्नायू खऱ्या अर्थाने ‘शिथिल’ होत नाही, त्याची बांधणीच ढासळलेली असते.

काचपट्टी
हे सगळं टेबलावर दाखवता येतं. ग्लिसरीनमध्ये मुरवलेला सशाचा सोआस (कमरेजवळचा) स्नायू वापरायची पद्धत सेंट-ग्योर्गी यांनी १९४९ मध्ये दिली आणि आजही ती शिकवायला उत्तम आहे. ५० टक्के ग्लिसरीनमध्ये उणे २० अंशांना ठेवलेल्या स्नायूची पटलं फाटलेली असतात, आतला एटीपी धुऊन गेलेला असतो, तंतूंची मांडणी मात्र शाबूत असते.

तीन द्रावणं लागतात. एकात शुद्ध पाण्यात ०.२५ टक्के एटीपी. दुसऱ्यात तोच एटीपी, अधिक ०.०५ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ०.००१ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड. तिसऱ्यात एटीपीशिवाय नुसते हे दोन क्षार. काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात सुयांनी पेड सोडवत न्यायचे, ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक होईपर्यंत. तीन-चार पेड सरळ, समांतर ठेवायचे, जास्तीचं ग्लिसरीन टिपून घ्यायचं, खाली मोजपट्टी धरून लांबी लिहायची. मग द्रावणाचे थोडे थेंब टाकायचे, अर्धा ते एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. प्रत्येक द्रावणाला नवी काचपट्टी आणि नवे पेड.

नुसत्या क्षारांत काही होत नाही. नुसत्या एटीपीत फारच थोडं, कारण मायोसिनला एटीपी मॅग्नेशियमला जोडलेला लागतो. दोन्ही एकत्र आले की पेड डोळ्यांदेखत आक्रसतो.

बिघडतं ते असं. पेड जाड राहिला तर एटीपी गाभ्यापर्यंत पोचत नाही. बाहेरचा थर आखडतो, आतला ताठच राहतो आणि पेड वाकडा होतो. मग मोजलेली लांबी निरर्थक. ग्लिसरीन जास्त राहिलं तर द्रावण पातळ होतं. एटीपीचं द्रावण आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलं तर त्याचं विघटन झालेलं असतं, ते ताजं करून बर्फावरच ठेवावं.

जीवशिक्षक
@काचपट्टी, इथे विद्यार्थी हमखास विचारतात की द्रावणात कॅल्शियम घातलेलंच नाही, मग आकुंचन झालं कसं?

काचपट्टी
रास्त प्रश्न. पाण्यात, क्षारांत आणि खुद्द पेडात कॅल्शियमचा अंश असतोच आणि ट्रोपोनिनला काही मायक्रोमोलर पुरतं. द्रावणात ईजीटीए घालून तो अंश बांधून टाकला तर एटीपी असूनही पेड आखडत नाही. हा चौथा नमुना जरूर ठेवा.

आणखी एक गोष्ट दाखवून द्या: आखडलेला पेड आपोआप परत लांब होत नाही. कॅल्शियम परत ओढून घेणारी एसआर जागेवर काम करत नाही, आणि टोकं धरून ताणणारंही कोणी नाही.

तंतुवेध
तो मुद्दा पुढे नेतो. एसआरच्या पटलात सर्का पंप दाटीवाटीने असतात. एक एटीपी खर्च करून ते दोन कॅल्शियम आयन आत घेतात. आत कॅल्सिक्वेस्ट्रिन हे प्रथिन ते कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे मोकळं कॅल्शियम कमी राहतं आणि पंपावरचा भार हलका होतो. आकुंचनाच्या काळात पेशी जो एटीपी खर्च करते, त्यातला साधारण एक तृतीयांश अशा आयन-पंपांवर जातो. शिथिल होणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे, त्याला इंधन लागतं. एटीपी असला आणि पंप मंद असला तरी पेशी सैल पडायला वेळ लावते.

साठवलेला एटीपी जोरदार कामात दोन-तीन सेकंदच पुरतो. मग क्रिएटिन फॉस्फेट आणखी काही सेकंद एटीपी भरून देतो. पुढे ग्लायकोजेनचे कण, जे मायोफायब्रिलच्या मधल्या जागांत आणि एसआरच्या आसपास पसरलेले असतात, आणि शेवटी मायटोकॉन्ड्रिया. मंद, लाल तंतूंत मायटोकॉन्ड्रिया आणि ऑक्सिजन धरणारं मायोग्लोबिन भरपूर, जलद पांढऱ्या तंतूंत ग्लायकोजेन तोडणारी विकरं जास्त.

हालचाल
एक व्यावहारिक भर. सारकोमिअर एकापुढे एक किती आणि मायोफायब्रिल शेजारी-शेजारी किती, हे दोन वेगळे आकडे आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे. १० सेंटिमीटर लांब स्नायुतंतूत २.५ मायक्रोमीटरची ४०,००० सारकोमिअर ओळीने बसतात. प्रत्येक ०.५ मायक्रोमीटरने आखडलं तर तंतू २ सेंटिमीटरने आखूड होतो, आणि सगळी एकदमच आखडत असल्यामुळे वेगाचीही बेरीज होते. बळ मात्र ओळीच्या लांबीने वाढत नाही. ते शेजारी-शेजारी असलेल्या मायोफायब्रिलच्या संख्येवर ठरतं.

वजनाच्या व्यायामाने तंतू जाड होतो तो मायोफायब्रिल वाढल्याने. उलट, सांधा प्लास्टरमध्ये अशा स्थितीत ठेवला की स्नायू आखूड राहील, तर काही आठवड्यांत ओळीतली सारकोमिअर कमी होतात. प्लास्टर काढल्यावर सांधा पूर्ण उघडत नाही त्याचं हे एक कारण, दुसरं म्हणजे भोवतालच्या संयोजी ऊतीचं आकसणं. हळूहळू, टिकाऊ ताण दिला तर टोकांशी नवी सारकोमिअर जोडली जातात. घाईने झटके देऊन ती जोडली जात नाहीत, उलट पटल फाटतं.

विश्रांतीतल्या स्नायूला ताणताना जो विरोध जाणवतो, त्यात टायटिनचा मोठा वाटा असतो. झेड-रेषेपासून एम-रेषेपर्यंत पोचणारा हा एकच रेणू आहे, मानवी शरीरातल्या ज्ञात प्रथिनांतला सर्वांत मोठा. जाड तंतू सारकोमिअरच्या मध्यावर राहतो तो त्याच्यामुळे.

पारिजातक
पटल फाटण्याचा विषय निघालाच आहे, तर डिस्ट्रोफिनबद्दल लिहायला हवं. सार्कोलेमाच्या आतल्या बाजूला हे प्रथिन असतं. एक टोक ॲक्टिनला, दुसरं पटलातल्या प्रथिनांच्या संचाला, आणि त्या संचातून बाहेरच्या आधारपटलाला जोडणी. आकुंचनाचा ताण पटलावर एकाच ठिकाणी न येता बाहेर पोचतो तो या जोडणीतून. डिस्ट्रोफिन नसेल तर साध्या हालचालींतही पटलाला चिरा पडतात, विशेषतः स्नायू ताणला जात असताना आकुंचन होतं तेव्हा, म्हणजे जिना उतरताना वगैरे. चिरांतून कॅल्शियम आत येतं, विकरं जागी होतात, तंतू मरतो.

डुशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात हेच होतं. डिस्ट्रोफिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर, ७९ एक्सॉनचं (एक्सॉन म्हणजे प्रथिनाची माहिती असलेला तुकडा), वीस लाखांहून जास्त बेस-जोड्यांचं. अहवाल वाचताना किती एक्सॉन गेले याहून महत्त्वाचं हे की गेलेल्या तुकड्यातल्या बेसच्या संख्येला तीनने पूर्ण भाग जातो का. जात असेल तर बहुतेकदा आखूड पण कामचलाऊ प्रथिन बनतं आणि आजार बेकर प्रकाराचा, सौम्य राहतो. नसेल तर पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि प्रथिन जवळपास बनतच नाही. या नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात इथून करावी.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. फाटलेल्या पेशीतून क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात येतं, डुशेनमध्ये नेहमीच्या मर्यादेच्या दहापट ते शंभरपट. त्याच वेळी एएसटी आणि एएलटी, यकृताच्या चाचणीत मोजली जाणारी विकरं, हीसुद्धा वाढतात, कारण ती स्नायूतही असतात. लहान मुलाची ही दोन वाढलेली दिसली की तपासाची गाडी यकृताकडे वळते आणि महिनोनमहिने तिथेच अडकते. जीजीटी हे यकृताचं विकर सामान्य असेल तर क्रिएटिन कायनेज तपासाच. एका साध्या रक्तचाचणीने मुलाचा मोलाचा वेळ वाचतो.

चौकस_मैना
आणि त्रयीतच दोष असेल तर?

पारिजातक
रायनोडीन ग्राहकाच्या जनुकात काही विशिष्ट बदल असलेल्या माणसाला हॅलोथेनसारखे भूल देणारे वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध मिळालं, की एसआरची दारं उघडीच राहतात. कॅल्शियम बाहेर येत राहतं, सर्का ते आत ओढत राहतात, एटीपी जळत राहतो. म्हणून आधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढतो, जबडा आवळतो, आणि ताप पुष्कळदा नंतर येतो. तापाची वाट पाहणं घातक. उपाय डँट्रोलीन, रायनोडीन ग्राहकावरच काम करणारं. पहिली मात्रा किलोमागे २.५ मिलिग्रॅम. जुन्या प्रकारच्या कुपीत २० मिलिग्रॅम असतं आणि प्रत्येक कुपी ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते, सलाइनमध्ये नाही. ६० किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे आठ कुप्या फोडाव्या लागतात. विरघळायला वेळ लागतो, त्यामुळे या एकाच कामाला दोन-तीन माणसं लावावी लागतात.

काचपट्टी
स्नायूचा तुकडा तपासायला येतो तेव्हा तो पोचतो कसा यावर निम्मं निदान अवलंबून असतं. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की विकरं मेली, मग एटीपीएज रंगक्रिया (मायोसिनच्या एटीपी तोडण्याच्या क्षमतेवरून तंतूंचे प्रकार दाखवणारी) होत नाही. सलाइनमध्ये भिजला की गोठवताना बर्फाचे स्फटिक बनतात. सलाइनने ओलसर करून पिळलेल्या गॉजपट्टीत गुंडाळून थंड आणावा आणि द्रव नायट्रोजनने सुमारे उणे १६० अंशांपर्यंत थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवावा. थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर तुकड्याभोवती वायूचं आवरण तयार होतं, गोठणं मंदावतं, आणि पेशीत भोकंच भोकं दिसतात. ती भोकं आजाराची समजून अहवाल जाऊ नये.

एटीपीएज पीएच ९.४ ला केली की मंद तंतू फिकट, जलद गडद. ४.३ ला नेमकं उलट. दोन्ही काप शेजारी ठेवूनच वाचा. केंद्रकं आडव्या छेदात कडेला दिसायला हवीत. पुष्कळ तंतूंत ती मध्यावर आली असतील तर ते तंतू पुन्हा घडलेले असू शकतात. हे पुनर्निर्माण आधारपटल आणि सार्कोलेमा यांच्यामध्ये दडलेल्या उपग्रह पेशी करतात. माउरो यांनी त्या १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दाखवल्या.

साध्या उभ्या छेदात पट्टे दिसत नाहीत अशी तक्रार येते. भिंगाचा दोष नसतो, कंडेन्सरची झडप बरीच बंद करा, पट्टे उठून दिसतील.

जीवशिक्षक
आकृती मापात काढायची असेल त्यांच्यासाठी: १ मायक्रोमीटरला ४ सेंटिमीटर धरा. सारकोमिअर १० सेंटिमीटर, ए-पट्टा ६.४, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा आय-पट्टा १.८, एच-क्षेत्र २. मायोफायब्रिल ४ सेंटिमीटर जाड. मायोसिनचा तंतू ०.६ मिलिमीटर, म्हणजे टोकदार पेन्सिलीची रेघ. याच मापात ५० मायक्रोमीटरचा स्नायुतंतू २ मीटर जाड होतो आणि १० सेंटिमीटर लांबीचा स्नायुतंतू ४ किलोमीटर लांब. टी-नलिका सस्तन प्राण्यात ए आणि आय पट्ट्यांच्या सांध्यावर, प्रत्येक सारकोमिअरला दोन. बेडकात ती झेड-रेषेवर. एकाची मापं आणि दुसऱ्याची नलिका एकाच चित्रात मिसळलेली फार दिसते. वरची मापं बेडकाची आहेत, तेव्हा नलिकाही झेडवर काढा.

चौकस_मैना
हृदयाच्या पेशीसाठी हीच आकृती चालेल का?

तंतुवेध
सारकोमिअर चालेल, बाकीचं बदलावं लागेल. हृदयाची पेशी ५० ते १०० मायक्रोमीटर लांब, फांद्या फुटलेली, केंद्रक एक किंवा दोन आणि मध्याजवळ. टोकांना अंतर्वेशी चकत्या काढा. त्यांतले डेस्मोसोम पेशींना एकमेकींपासून सुटू देत नाहीत आणि गॅप जंक्शन विद्युत लाट पुढच्या पेशीत पाठवतात. मायटोकॉन्ड्रिया पेशीच्या आकारमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतात, तेव्हा दोन-चार काढून भागवू नका. टी-नलिका रुंद आणि झेड-रेषेवर, शेजारी एसआरची एकच छोटी कोठी, म्हणजे त्रयीऐवजी द्वयी. इथे डीएचपी ग्राहक रायनोडीनला ओढत नाही. तो बाहेरचं थोडं कॅल्शियम आत सोडतो आणि ते रायनोडीनला उघडतं. म्हणून बाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम काढलं की हृदय थांबतं. रिंगर यांना बेडकाच्या हृदयात १८८३ मध्येच हे आढळलं होतं. कंकाल स्नायू तशा द्रवातही बराच वेळ आखडत राहतो.

मृदू स्नायूची (आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतल्या) आकृती मात्र कोऱ्या कागदावर सुरू करा. तिथे सारकोमिअर नाही, टी-नलिका नाहीत, ट्रोपोनिन नाही. चातीसारखी निमुळती पेशी, मध्ये एक केंद्रक, झेड-रेषेच्या जागी विखुरलेले दाट ठिपके, आणि त्यांना तिरके बांधलेले ॲक्टिन. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनावर बसतं आणि ते विकर जागं करून मायोसिनच्याच हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवतं. कळ इथे बारीक तंतूवर नसून जाड तंतूवर असते, हा फरक आकृतीत बाण काढून दाखवा.